परक्या मुलखातून आलेले बिऱ्हाड

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला जो विषय दिला तो कागदावर मोठा भारदस्त दिसतो: ‘परदेशातून आपल्या पुणे शहरात राहावयास येणाऱ्या लोकांसाठी कोणत्या सोयी आहेत.’ मी त्यांना म्हटले, अहो, हा विषय एखाद्या प्राध्यापकबाईंना द्या. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तर त्या म्हणाल्या, “प्राध्यापकबाईंच्या माडीवर कुणी राहत नाही. तुमच्या राहतात.” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आमच्या माडीवरच्या खोलीत २०१६ सालापासून परदेशी मुली राहत आल्या आहेत. पहिली इराणची, मग टांझानियाची, मग सुदानची. त्यांच्या पायी मला जी कार्यालये पाहावी लागली, जे फॉर्म भरावे लागले आणि जी बोलणी ऐकावी लागली, तेवढेच मी सांगणार आहे.

आपल्या शहराला विद्येचे माहेरघर म्हणतात. माहेरघर म्हटले की लेकी यायच्याच. पण परदेशी विद्यार्थ्याला पुण्यात जेवू कोण घालतो, आजारी पडला तर उशाशी कोण बसतो, हा प्रश्न जुना आहे. फर्ग्युसन कॉलेजात डॉ. शां. ब. मुजुमदार वनस्पतिशास्त्र शिकवीत आणि वसतिगृहही पाहत. मुलांच्या वसतिगृहात एक मुलगी खिडकीतून एका मुलाला जेवण देते असे त्यांच्या नजरेस आले. आता मुलांचे वसतिगृह आणि तिथे मुलगी, तेव्हा चौकशी झालीच. कळले ते असे, की तो मुलगा मॉरिशसचा, त्याला कावीळ झालेली, आणि त्याच्याकडे पाहणारे दुसरे कुणी नव्हते. ती गोष्ट मुजुमदारांच्या मनातून गेली नाही. त्यातून १९७१ साली ‘सिंबायोसिस’ संस्था निघाली. आज ती किती मोठी झाली ते आपण पाहतोच; परंतु तिचा आरंभ परदेशी मुलांना परके वाटू नये एवढ्यासाठी होता. त्या शब्दाचा अर्थ सहजीवन, हे मला आमच्या इराणच्या मुलीने सांगितले. पुण्याची मी, आणि मला सांगितले तेहरानच्या मुलीने!

आता सोयींकडे वळते. सोयी नाहीत असे कुणी म्हणू नये. मोठ्या कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळी कचेरी असते. पुणे विद्यापीठाचे परदेशी विद्यार्थ्यांचे केंद्र आहे. भारत सरकारची सांस्कृतिक संबंध परिषद शिष्यवृत्त्या देते. पोलीस आयुक्तालयात परदेशी नागरिकांच्या नोंदणीचे काम चालते, आणि २०१८ पासून त्यातले बरेचसे काम संगणकावरून घरबसल्या होते. पूर्वी त्यासाठी कॅम्पात जाऊन रांगेत उभे राहावे लागे.

ज्यांचा व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा आहे त्यांनी भारतात उतरल्यापासून १४ दिवसांच्या आत नोंदणी करावयाची असते. शिकावयास येणारे बहुतेक सारे यात येतात. १४ दिवस ऐकायला पुष्कळ वाटतात. पण नवीन शहरात त्यातले चार दिवस झोपेचे तंत्र बसण्यात जातात आणि चार दिवस खोली शोधण्यात. मग उरलेल्या दिवसांत नोंदणीसाठी पासपोर्ट, व्हिसा, फोटो, कॉलेजचा दाखला आणि राहत्या जागेचा पुरावा गोळा करावा लागतो.

मैत्रिणींनो, माझे सगळे बोलणे या शेवटच्या कागदापाशी येऊन थांबते. पोलिसांची नोंदणी करा, बँकेत खाते काढा, मोबाईलचे कार्ड घ्या, कुठेही जा, पहिला प्रश्न एकच: पत्ता काय? आणि पत्त्याचा कागद कुणाच्या हातात असतो? घरमालकाच्या. म्हणजे तुमच्या-माझ्या. सरकारने कितीही सोयी केल्या तरी त्यांचे कुलूप आपल्या उंबऱ्याशी आहे. आपण कागद दिला तर ते उघडते, नाही दिला तर ती पोर बाहेर उभी.

हा कागद देणे म्हणजे मेहेरबानी नव्हे, तो कायदा आहे. परदेशी माणूस आपल्या घरी राहावयास आला की चोवीस तासांच्या आत घरमालकाने त्याची खबर सरकारला द्यावी लागते. यालाच सी फॉर्म म्हणतात. भाड्याने ठेवला काय आणि पाहुणा म्हणून ठेवला काय, दोन्हीला तो लागतो. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी लोकांविषयी नवीन कायदा लागू झाला आणि जुने चार कायदे गेले, तरी ही चोवीस तासांची गोष्ट कायम आहे. संगणकावर एकदा आपले, म्हणजे घरमालकाचे, खाते उघडावे लागते. पुढे प्रत्येक बिऱ्हाडकरूसाठी तेच चालते.

फॉर्म इंग्रजीत आहे म्हणून घाबरू नका. पहिल्या वेळी माझ्या मुलीने भरून दिला. दुसऱ्या वेळी ती परीक्षेला गेली होती, तेव्हा मी आणि ती टांझानियाची मुलगी अशा दोघींनी बसून भरला. त्यात विचारतात काय? नाव, देश, पासपोर्टचा नंबर आणि मुदत, व्हिसाचा नंबर आणि मुदत, भारतात कधी आली, आपल्या घरी कधी आली, किती दिवस राहणार, कशासाठी आली. जनगणनेचे लोक येतात तेव्हा आपण याहून अधिक प्रश्नांची उत्तरे देतो.

दुसरा कागद भाडेकराराचा. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार करण्याची चाल आहे. पण तो नुसता स्टँपवर लिहून कपाटात ठेवला म्हणजे झाले, असे पुष्कळजणींना वाटते. तसे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सालचा आहे. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय तंटा झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, त्या खोट्या ठरवण्याचा भार आपल्यावर. आमच्या घरी हे ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी करार नोंदवला गेला. एरवी आमच्या घरी दुसऱ्या दिवशी काहीही होत नाही!

टांझानियाची मुलगी आमच्याकडे आली ती दुसऱ्या एका भागातली खोली सोडून. तिथल्या मालकाने अनामत रोख घेतली, भाडे इतरांपेक्षा जास्त लावले, आणि करार मागितला तर म्हणाला, “कागदाच्या भानगडीत आपण पडत नाही.” सी फॉर्मचेही तेच. तिचे १४ दिवस उलटून गेले. पत्ता नाही म्हणून नोंदणी नाही, आणि नोंदणी उशिरा झाली म्हणून शेवटी दंड भरला तो तिने. चूक मालकाची, दंड पोरीला. अनामतीतले निम्मे पैसे परत मिळाले, तेही कॉलेजातल्या एका शिपायाने मध्ये पडून रदबदली केली म्हणून.

बँकेतही असेच झाले होते. पत्त्याचा पुरावा नाही तर खाते नाही, असे तिला सांगून परत पाठवले. वास्तविक रिझर्व्ह बँकेचा नियम परदेशी विद्यार्थ्यांच्या बाजूचा आहे. पासपोर्ट, व्हिसा, फोटो आणि कॉलेजचे प्रवेशपत्र एवढ्यावर त्यांना एन.आर.ओ. खाते उघडता येते, आणि इथला पत्ता पुढे तीस दिवसांत दिला तरी चालतो. तोवर परदेशातून एक हजार डॉलरपर्यंतच पैसे येऊ शकतात आणि महिन्याला पन्नास हजार रुपयांपर्यंतच काढता येतात, एवढीच अट. दुसऱ्यांदा मी तिच्याबरोबर गेले. मी नियमाचा कागद पर्समध्ये ठेवला होता, पण तो काढावाच लागला नाही. लुगड्यातली एक बाई बरोबर आहे एवढे पाहूनच साहेबांनी खुर्ची दिली. याचा मला आनंद व्हावा की राग यावा, ते अजून ठरले नाही.

आता मी जरा कडू बोलणार आहे, आणि तुम्ही माझ्याच आहात म्हणून बोलणार आहे.

आपल्या वसाहतीत मागे एक जपानी कुटुंब आले होते. चाकणकडच्या कारखान्यात त्या गृहस्थांची नोकरी. त्यांच्या मुलीला आपण भोंडल्याला नेले, हादग्याची खिरापत ओळखायला बसवले, कौतुकाने फोटो काढले. फार चांगले केले. मग त्याच वर्षी आफ्रिकेची दोन मुले खोली पाहावयास आली, तेव्हा एका जिन्यातल्या तीन घरांनी, जागा रिकामी असताना, ‘जागा गेली’ असे सांगितले. सभेत कुणी म्हणाले, ‘त्या लोकांना’ ठेवू नये, ते रात्री जागतात, दारू पितात, पोलीस येतात. मी विचारले, तुमच्याकडे कधी आले होते का? तर नाही, ऐकले होते. मग गोऱ्या कातडीच्या दारूचा वास येत नाही काय?

सगळे परदेशी सज्जनच असतात असे मी म्हणत नाही. मुदत संपल्यावर दडून राहणारे असतात. विद्यार्थ्याच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, तरी करणारे असतात. पण त्यावर उपाय दार लावणे हा नाही. पासपोर्ट पाहा, व्हिसाची मुदत पाहा, कॉलेजचा दाखला पाहा, सी फॉर्म भरा, करार नोंदवा, पोलिसांना भाडेकरूची माहिती द्या. एवढे केले की तुमचा भाडेकरू कोण आहे ते सरकारलाही ठाऊक आणि तुम्हालाही. जो मालक कागद टाळतो आणि रोख घेतो, त्याच्याकडेच नको ती माणसे जाऊन राहतात. आणि चांगल्या पोरापोरींनाही आपण दार लावले की तेच एक दार उरते. म्हणजे ज्या गोष्टीला आपण भितो ती आपणच घडवतो.

तक्रारी कशा निघतात तेही पाहा. इराणच्या मुलीविषयी पहिली तक्रार आली ती कचऱ्याची. ओला आणि सुका एकत्र करते म्हणून. आपल्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताई दारोदार कचरा घेतात, त्या रागावल्या. मुलीला वाटले, आपला पोशाख पाहून रागावल्या. ती दोन दिवस खाली उतरली नाही. ओला-सुका म्हणजे काय हे तिला कुणी सांगितलेच नव्हते! त्यानंतर मी खोलीच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. पाणी सकाळी किती ते किती, टाकी कधी भरायची, कचऱ्याच्या दोन बादल्या, रात्री दहानंतर पाहुणे नाहीत, संकटात ११२, रुग्णवाहिकेला १०८. मराठीत मी लिहिला, इंग्रजीत मुलीने. पुढे येणाऱ्या प्रत्येकीने त्याखाली आपल्या भाषेत भर घातली आहे. आज तो कागद वेगवेगळ्या लिप्यांत आहे आणि त्याच्याखाली तक्रार एकही नाही.

भाषेचेही भय धरू नका. टांझानियाच्या मुलीला मी खाणाखुणांनी विचारले, चहा? ती म्हणाली, “चाय!” मी पोळी दाखवली, ती म्हणाली, “चपाती!” त्यांच्या स्वाहिली भाषेत चहाला चाय, पोळीला चपाती, दुकानाला दुका आणि मोटारीला गारी म्हणतात. आपले व्यापारी गलबतांतून तिकडे जात होते, त्यांच्याबरोबर हे शब्द गेले. इराणच्या मुलीशी तर दरवाजा, शहर, हजार, पसंत असे किती शब्द जुळले त्याची गणतीच नाही.

सुदानच्या मुलीने माझ्याकडे ज्वारीचे पीठ मागितले तेव्हा मी म्हटले, हिला ज्वारी कशी ठाऊक? तर त्यांच्याकडे ज्वारीचे पीठ आंबवून, मोठ्या तापलेल्या तव्यावर पातळ पसरून ‘किसरा’ करतात. आपल्या आंबोळीची सख्खी बहीण म्हणा. आणि ज्वारी हे धान्य मुळात तिच्याच मुलखातले, तिथून ते आपल्याकडे आले. सोलापूरच्या माझ्या नणंदेला हे अजून पटत नाही. ती म्हणते, ज्वारी आमचीच.

१५ एप्रिल २०२३ ला त्यांच्या राजधानीत, खार्टूममध्ये, लढाई पेटली. रमजानचे दिवस होते. ती पोर जिन्यात फोन घेऊन बसलेली असायची, कारण जिन्यात फोनला चांगले येते. सहा दिवस घरचे कुणी बोलले नाही. मग आईचा आवाज आला. ती धाकट्यांना घेऊन शहर सोडून निघाली होती. त्यानंतर घरून पैसे यावयाचे बंद झाले. भाड्याचे काय, असा प्रश्न आमच्याकडे निघाला, आणि तो निघणे चुकीचे नव्हते, कारण त्या भाड्यावर आमचाही हप्ता जातो. आम्ही चार महिने अर्धे भाडे घेतले आणि उरलेले वहीत मांडले. तिने ते पुढे फेडले. आपल्या मंडळातल्या सातजणींनी आळीपाळीने तिचा डबा चालवला. त्यांची नावे सांगू नका अशी ताकीद आहे, पण त्या पुढच्या रांगेत बसल्या आहेत.

डब्याइतकेच महत्त्वाचे दुसरे एक काम होते. व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी वाढवून घ्यावी लागते. संपल्यावर धावले की दंड आणि मनस्ताप. त्या दिवसांत तिला तारखेचे भान कुठले? आमच्या कॅलेंडरवर मी लाल शाईने खूण केली होती, गॅसच्या नंबराच्या शेजारी. वेळेवर कॉलेजचा दाखला आणविला, नवीन भाडेकरार नोंदवला आणि अर्ज गेला.

त्याच पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला. रुग्णालयात विचारले, बरोबर कोण? नाते काय? मी लिहविले, “मावशी.” लिहिणाऱ्या मुलाने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि लिहून घेतले.

हा शब्द मला ऐन वेळी कुठून सुचला ते सांगते. आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टर व्हावयास एकट्या अमेरिकेला गेल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. न्यूयॉर्कच्या बंदरावर त्यांना उतरवून घ्यावयास कोणतेही सरकार आले नव्हते, मिसेस कार्पेंटर आल्या होत्या. त्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या घरसंसारी बाई. दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असता एका मासिकात गोपाळरावांचे पत्र त्यांच्या वाचनात आले आणि त्यांनी आपण होऊन पत्र धाडले. आनंदीबाई त्यांच्या घरी राहिल्या, आपले लुगडे नेसल्या, आपले अन्न शिजवून जेवल्या, आणि त्यांना मावशी म्हणत. पुढे फिलाडेल्फियात पहिली खोली धुराची आणि थंडीची मिळाली, तेव्हा कॉलेजच्या प्रमुख बॉडलीबाईंनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला आपल्या या पुण्यातच गेल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली. त्यांनी ती आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली; पोकीप्सी गावी तो दगड आजही आहे. आपण आनंदीबाईंची जयंती करतो, फोटोला हार घालतो. मला वाटते, त्याच भिंतीवर कार्पेंटरबाईंचाही फोटो असावा. अध्यक्षीणबाईंनी यावर विचार करावा.

असो. माझा वेळ संपत आला. गेल्या महिन्याच्या सभेत जे ठरले ते सर्वांना कळावे म्हणून सांगते. दर गुरुवारी दुपारी चार ते पाच मंडळाच्या खोलीत मी आणि आणखी दोघीजणी बसणार आहोत. ज्यांना परदेशी बिऱ्हाडकरू ठेवायचा आहे, किंवा ज्यांनी ठेवला आहे पण कागद केलेले नाहीत, त्यांनी यावे. कुणी कुणाला बोल लावणार नाही. संगणक मंडळाचा आहे, फॉर्म भरून देऊ. बिऱ्हाडकरूलाही बरोबर आणावे. दाराला चिकटवायच्या कागदाच्या शंभर प्रती काढल्या आहेत, त्यात आपापल्या घरच्या पाण्याची वेळ तेवढी भरायची आहे.

शिवाय दोन खोल्या हव्या आहेत. इथिओपियाच्या दोघी बहिणी जूनमध्ये यायच्या आहेत, एक परिचारिकेचे शिकणार आहे आणि दुसरी वाणिज्य शाखेत. स्वयंपाकाची मुभा असावी आणि बसथांबा जवळ असावा, एवढेच त्यांचे मागणे आहे. ज्या जिन्यात ‘जागा गेली’ असे सांगितले होते, तिथल्या एका घरात खोली रिकामी आहे हे मला ठाऊक आहे. मी उद्या सकाळी त्यांच्याकडे विचारायला जाणार आहे. कुणाला माझ्याबरोबर यायचे असेल तर साडेदहाला निघू.